परदेशी ओठांना आर्णीचा आवाज

वामनराव गावंडे सरांची आणि माझी ओळख एका मुक्या यंत्राने करून दिली. आर्णीच्या बसस्थानकासमोर माझे रेडिओ आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान होते. दुकान आजही आहे, फक्त गल्ल्यावर आता मुलगा बसतो. एका सुटीच्या सकाळी सायकलच्या कॅरिअरला गोधडीत गुंडाळलेले काहीतरी बांधून एक सडपातळ गृहस्थ आले. ती गोधडी त्यांनी इतक्या अलगद उतरवली की मला वाटले, आत लेकरू निजले असावे. निघाला सिनेमाचा लहान प्रोजेक्टर.

"चित्र दिसते, आवाज येत नाही," ते म्हणाले. "होईल का दुरुस्त?"

मी तोवर प्रोजेक्टर फक्त लांबून, टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला होता. पण दुकानदाराने "जमत नाही" म्हटले की गिऱ्हाईक दुसरी पायरी चढते. मी म्हटले, "ठेवून जा मास्तर, संध्याकाळी या."

"नाही, मी इथंच बसतो," असे म्हणून सर स्टुलावर बसले. मी एकेक स्क्रू काढत गेलो आणि ते एकेक स्क्रू ओळीने कागदावर मांडत गेले. तासाभराने मी विचारले, "मास्तर, तुम्हाले यातलं काही समजते का?"

"काहीच नाही. तुम्हाले?"

"मलेही नाही."

दोघेही पोट धरून हसलो. त्या हसण्याला आता पंचेचाळीस-शेहेचाळीस पावसाळे झाले. सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात प्राचार्य, डॉक्टर, वकील अशी मोठी मंडळी लिहिणार आहेत. त्यांच्यात माझा लेख म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत ठेच्याची गोळी. पण ठेचा मागून घेणारेही असतात, या भरवशावर लिहितो. मी हरिभाऊ राठोड, शिक्षण सातवीपर्यंत. त्यापुढचे जे काही अक्षर आहे ते सरांच्या लाल शाईने झालेले आहे.

यंत्राचा दोष शेवटी सापडला. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असते, ती वाचायला आत एक छोटा दिवा लागतो. तो गेला होता. तसला दिवा आर्णीत कुठून मिळणार? मी स्कूटरचा बल्ब बॅटरीवर जोडून बसवला. आवाज आला, पण विहिरीत पडलेला माणूस हाका मारतो तसा. सर म्हणाले, "रविवारी चालवून पाहू."

सर आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवीत. नागपूरच्या एका चित्रमंडळाकडून ते महिन्यातून एकदा परदेशी चित्रपटाचे डबे एसटीच्या टपावर टाकून आणायचे ठरवून आले होते. खेळाला जागा मिळाली एका जिनिंगच्या गोदामात. पावसाळ्यात कापूस नसतो, गोदाम रिकामे असते. दुपारचा खेळ म्हणून झरोक्यांना ताडपत्री लावली. पण मागच्या हंगामाचा कापूस हवेत होताच. यंत्राचा झोत पडद्यावर पडला की त्यात कापसाचे तंतू तरंगत. पहिल्या खेळाला लोकांना वाटले, त्या देशात बर्फ पडून राह्यला. एखादा तंतू यंत्राच्या खिडकीत अडकला तर नटीच्या गालावर हातभर मिशी उगवे. मी ब्रश घेऊन बसलेलाच असे.

तो पहिला चित्रपट इटलीतला होता, एका सुताराची गोष्ट. खाली इंग्रजी अक्षरे पळत होती. वर पत्र्यावर पाऊस, आत माझा स्कूटरचा बल्ब. कोणाला काही कळेना. सर्वांत पुढे पोत्यावर सरूबाई बसल्या होत्या. सरूबाई बाजारात भाजी विकत. तेव्हा तरुण होत्या, आणि त्यांची जीभ तर आजही तरुण आहे. त्यांनी भर खेळात विचारले, "मास्तर, हे बाई काय म्हणून राह्यली?"

सरांनी सांगितले. "आन् हा बाप्या?" तेही सांगितले. चौथ्या प्रश्नाला सर उठले, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हरिभाऊ, आवाज बंद करा." माझे काळीज तुटले. रात्रंदिवस खपून आणलेला आवाज! पण बंद केला. सर पडद्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि बोलू लागले. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा मास्तरांचा आवाज, पावसाच्या वर चढणारा. पडद्यावरचा सुतार रुसलेल्या बायकोजवळ गेला आणि त्याच्या ओठांतून आर्णीची बोली निघाली: "काहून वं रुसली? आलो ना मी. उशीर झाला, पण आलो ना?"

गोदाम असे शांत झाले की पाऊससुद्धा ऐकायला थांबल्यासारखा वाटला. तेव्हापासून तीच रीत पडली. पुढे मी खरा दिवा मिळवून बसवला, आवाज खणखणीत यायला लागला, तरी लोक म्हणत, "तो बंद करा, मास्तर बोलू द्या."

मी एकदा सरांना विचारले होते, "सर, त्या देशात भाकर कुठली? तुम्ही तर त्या सुताराले भाकर खाऊ घातली." सर म्हणाले, "ब्रेड म्हटलं की आपल्या लोकाईले दवाखाना आठवते. भाकर म्हटलं की भूक समजते. गोष्ट भुकेची हाये, हरी." पण त्यापलीकडे एक शब्द मनचा घालायचे नाहीत. पात्र गप्प असेल तर सर गप्प. सरूबाई म्हणत, "मास्तर, काहीतरी बोला ना, दोघं नुसते पाहून राह्यले." सर म्हणत, "ते बोलत नाहीत, तर मी कायले बोलू?"

सरांच्या खऱ्या अभ्यासाला सुरुवात त्याच सुतारापासून झाली. तो नट इटलीचा नव्हताच. त्याला इटालियन येतही नसे. युरोपातल्या सिनेमाचा तो काळ मोठा गमतीचा, असे सर सांगतात. महायुद्ध संपलेले, देश पडझडीतून उठून पुन्हा घर सावरत होते. दोन-तीन देशांनी भागीत चित्रपट काढायचे. नायक एका देशाचा, नायिका दुसऱ्याची, खलनायक तिसऱ्याचा. चित्रीकरणात ज्याला जी भाषा येते ती त्याने बोलायची. कोणी तर नुसते आकडे म्हणत: एक, दोन, तीन, चार. आवाज मागून खोलीत बसून दुसरेच कोणी भरत. समुद्रापलीकडे अमेरिकेत ज्यांचे काम संपले असे नट युरोपात येऊन घोड्यावर बसले आणि पुन्हा नावारूपाला आले. उत्तरेच्या थंड देशातल्या उंच बाया दक्षिणेच्या उन्हात राण्या झाल्या. पोस्टरवर ज्यांची नावे मोठी, त्यांच्यावर जगाने पुस्तके लिहिली. सर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतल्या परक्यांच्या मागे लागले. जे पोटासाठी देश बदलत गेले, ज्यांचा चेहरा पडद्यावर राहिला आणि आवाज कुठेच राहिला नाही, त्यांच्या.

त्यासाठी सरांनी जे केले ते पाहायला पूर्वी लांबून लोक येत. त्यांच्या बैठकीत युरोपाचा शाळेतला जुना नकाशा लावलेला आहे. एकेका नटाचा एकेक सुताचा धागा. जन्मला त्या गावी टाचणी, मग जिथे जिथे काम केले तिथे टाचणी, त्यांच्यातून फिरलेला धागा. आणि नकाशाच्या बाहेर, उजवीकडे खाली, बिजलीच्या बटणाशेजारी भिंतीत एक मोठी टाचणी. ती आर्णी. ज्या नटाचा चित्रपट आपल्या गोदामात दाखवला, त्याचा धागा सर तिथपर्यंत आणत. वहिनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती कुसुमताई, दिवा लावताना दरवेळी म्हणत, "सारा युरोप बाजूले करा, तेव्हा कुठं माह्या घरात उजेड पडते."

धाग्यासोबत एकेक कार्ड. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेले. नाव, जन्म, देश, चित्रपट आणि शेवटी एक रकाना: आवाज कोणाचा. ही माहिती आज बोटावर मिळते म्हणतात. सरांनी ती मिळवली जुन्या मासिकांतून आणि पत्रे लिहून. आमचे पोस्टमन त्यांच्या घरी पत्र द्यायला उन्हात मुद्दाम दोन पावले जास्त चालत, तिकिटे पाहायला मिळतात म्हणून.

परदेशी नावे लोकांच्या तोंडी बसत नसत, म्हणून सरांनी प्रत्येकाला घरचे नाव दिले होते. सुताराचे नाव 'पाहुणा'. हा सरांचा सगळ्यांत लाडका. पूर्वेकडच्या कुठल्याशा गावात जन्मला. युद्धात सरहद्द सरकली आणि त्याचे गाव न हलता दुसऱ्या देशात गेले. तो पायी निघाला. इटलीत सुतार झाला, फ्रान्समध्ये खुनी, स्पेनमध्ये पाद्री. ज्या सैनिकांच्या भीतीने तो गाव सोडून पळाला, त्यांचाच गणवेश घालून त्याने तीन चित्रपटांत पोट भरले. त्याच्या उच्चारांना सगळीकडे परकेपणाचा वास, म्हणून कोणी त्याला त्याच्या आवाजात बोलू दिले नाही.

पाहुणा दुसऱ्यांदा पडद्यावर आला तेव्हा सरूबाई ओरडल्या, "हा तर मागच्या खेळात मेलता ना!"

"तो इटलीत मेला, सरूबाई. इथं स्पेनमध्ये जिता हाये."

"मंग चांगलं हाये बाप्पा. आपल्याले तर एकदा मेलं की दुसरं गावच नाही."

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून सरांचा स्वभाव कळणार नाही. एका खेळाला घरी पाहुणे आल्याने मी घाईत होतो. दुसऱ्या रिळाऐवजी तिसरे चढवले. म्हातारा बाप वारला, रडारड झाली, पोरीने शेत विकून गाव सोडले. नंतर मी दुसरे रीळ लावले, तर म्हातारा ताजातवाना होऊन न्याहारीला बसलेला. मला वाटले, आता सर काहीतरी जुळवून नेतील, स्वप्न पडले म्हणतील. कोणाला काय कळणार होते? पण सरांनी हात वर करून खेळ थांबवायला लावला आणि म्हणाले, "मंडळी, माझ्याकडून रिळांचा क्रम चुकला. हा भाग आधीचा आहे." माझे नाव घेतले नाही. मागून कोणीतरी म्हणाले, "चालू द्या मास्तर, म्हातारा उठला ते बरंच झालं." पुढच्या रविवारी सरांनी तोच चित्रपट सरळ क्रमाने पुन्हा दाखवला, डबे एक आठवडा जास्त ठेवायची परवानगी मागायला स्वतः नागपूरला जाऊन आले. मला एवढेच म्हणाले, "मेलेला माणूस परत आणणं यमालेही जमत नाही, हरी. तू मात्र घाईघाईत आणला."

सरांच्या मायेचे किस्से सांगायला बसलो तर ग्रंथाचे वजन वाढेल. माझ्या आईचा मात्र सांगितलाच पाहिजे. आमचे घराणे बंजाऱ्यांच्या तांड्यातले. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरत, त्या फिरतीला आमच्यात लदेणी म्हणतात. आता आम्ही शेती करतो, पण घरात बोली आमची गोरच. आईला, म्हणजे आमच्या याडीला, मराठी थोडकी समजे. एकदा हट्टाने ती खेळाला आली. ती येणार हे सरांना आधीच कळले, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी दुकानात बसून माझ्याकडून गोरबोलीतली चार वाक्ये शिकून पाठ केली. खेळ सुरू झाला, पडद्यावर पाहुणा आला आणि सर तिच्याकडे वळून म्हणाले, "याडी, ई पामणो छ." हा पाहुणा आहे, एवढाच त्याचा अर्थ. उच्चार असा काही केला की तांड्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. याडी हसली नाही. घरी जाताना तिने पाहुण्याची सारी कहाणी माझ्याकडून काढून घेतली आणि म्हणाली, हा तर आपलाच माणूस, लदेणीवरचा. याचे बैल तेवढे हरवले.

मी ते सरांना सांगितले. त्यांनी पाहुण्याचे कार्ड काढून तिचे वाक्य त्यावर लिहिले. मग मला एक कोरी वही दिली. "खेळात मी काय बोललो ते घरी जाऊन लिहून काढत जा. तुझं अक्षरही सुधरन आणि मलेही समजन, मी काय बोलतो ते." मी लिहीत गेलो, ते लाल शाईने तपासत गेले. त्या वह्यांनी माझी एक ट्रंक भरली. घरी गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि वहीत पुस्तकी मराठी; सर म्हणत, "तू आमच्या पाहुण्यापेक्षा काय कमी हायेस?"

त्या पाहुण्याला सरांनी पत्रही लिहिले होते. एका जुन्या मासिकात सापडलेल्या पत्त्यावर, की आमच्या गावात तुमच्या तोंडी वऱ्हाडी घालतो, राग मानू नये. वर्ष-दीड वर्षाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक पोस्टकार्ड आले. सर्वांना बरे वाटले असेल तर मलाही बरे वाटले, असे काहीसे होते आणि खाली: 'माझ्यासाठी जो बोलतो त्याला सांगा, घाई करू नको. मी सावकाश माणूस आहे.' सरांनी ते पोस्टकार्ड दोन दिवस खिशात ठेवले आणि मग पाहुण्याच्या कार्डाला शिवून टाकले, सुईदोऱ्याने.

गोदाम गेले, पुढे वाचनालयाचा हॉल मिळाला. फिल्मचे डबे गेले, संगणक आला. महिन्याचा रविवार चुकला नाही. आणि मागच्या वर्षी सरांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झाले. गाठ गेली, जीव वाचला, देवाचे आणि डॉक्टरांचे उपकार. पण आवाज गाठीबरोबर गेला.

सर घरी आले ते पाटी-खडू घेऊन. आयुष्यभर पोरांच्या हाती पाटी देणाऱ्याच्या हाती पाटी आली. तब्येत सुधारत होती, जेवण जात होते, पण रविवार बंद. मी भेटायला गेलो तर वहिनी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "दोन दिवस झाले, धागे काढून राह्यले. मले तर भेव वाटते, हरिभाऊ." आत पाहिले तर नकाशा उघडा. सगळे धागे एका रिळावर गुंडाळलेले. युरोपभर नुसती टाचण्यांची भोके आणि बटणाशेजारी आर्णीची टाचणी एकटीच. कार्डांचे गाठोडे सरांनी माझ्यापुढे सरकवले. पाटीवर लिहिले: "कोणाला लागली तर दे." पुसून पुन्हा लिहिले: "आता पडदा बंद. पंचाहत्तरीचा सत्कारही नको. मुक्या माणसाचा सत्कार कायले?"

सरांचा जीव वाचला होता, पण तो ज्यात होता ते त्यांच्याच हाताने संपत होते. गाठोडे घेऊन आलो. तीन दिवस दुकानात बसून कार्डे वाचली. चौथ्या दिवशी सकाळी पाहुण्याचे एकच कार्ड घेऊन सरांकडे गेलो.

"सर, हे अक्षर कोणाचं हाये?"

सरांनी स्वतःकडे बोट दाखवले.

मी मोठ्याने वाचले. "चित्रपट अकरा. देश पाच. आवाज सात जणांचे. काम याचेच. सर, 'काम याचेच'च्या खाली तुम्ही दोन रेघा मारल्या. मले त्या दोन रेघांचा अर्थ सांगा."

सरांनी खडू घेतला: "ते नट होते. मी मास्तर."

"आन् इतके वर्षं पडद्याच्या बाजूले उभे राहून तुम्ही काय करत होते? भूगोल शिकवत होते? त्या सुताराची बायको रुसली तर डोळे तुमचे भरत. म्हाताऱ्याले खोकला आला तर पाठ तुमची वाकत. आम्ही काय नुसतं ऐकायले येत होतो?"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "खरं बोलून राह्यले ते. अर्धे लोकं पडद्याकडं पाहतच नव्हते."

सर हसले नाहीत, पण खडू हातात फिरवत राहिले. मग लिहिले: "बोलेल कोण?"

"मी. तुमचा शब्द न् शब्द माह्या वह्यांत हाये."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले, पूर्वी माझ्या स्कूटरच्या बल्बकडे पाहिले होते तसे. आणि पाटीवर लिहिले: "तू घाई करतोस."

मी कार्ड उलटून त्यांच्यासमोर धरले. पाठीला शिवलेले पोस्टकार्ड. सरांनी ती शेवटची ओळ वाचली आणि मग मात्र त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

तालीम दुसऱ्या दिवसापासून. मला वाटले होते, वही उघडून वाचायचे. सरांनी वही मिटवली, पाटीवर लिहिले: "आकडे." ते ओठ हलवणार, मी फक्त आकडे म्हणणार. त्यांचे ओठ मिटले की मी मिटायचे, ते थबकले की मी थबकायचे. एक, दोन... तीन. चार पाच सहा. चुकलो की खडूने पाटीवर टक्. पंचाहत्तरीचा एक आणि बहात्तरीचा एक, असे दोघे समोरासमोर बसून वीसपर्यंत मोजत असू. शेजारच्या बाईंनी वहिनींना विचारले म्हणे, "कोणाचं पोट्टं शिकवणीले येते तुमच्याकडं? अजून वीसच्या पुढं नाही गेलं." पंधरा दिवसांनी सरांनी मान हलवली आणि मला शब्दांची परवानगी मिळाली.

मागच्या महिन्यात रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये खेळ लावला. चित्रपट तोच, सुताराचा. मी ध्वनिक्षेपक घेऊन मागे बसलो, माझ्या सवयीच्या जागी. हॉल भरला. सर आले, पण दाराशीच भिंतीला टेकून उभे राहिले, पाटी छातीशी धरून. वेळ होऊन गेली तरी हलेनात. कोणाला पुढे होऊन बोलवायचा धीर होईना. आत आलेला माणूस परत फिरेल की काय, असे झाले. पुढच्या खुर्चीवर काठी घेऊन सरूबाई बसल्या होत्या. त्यांनी मान न वळवता आवाज दिला, "मास्तर, तिथं काय उभे राह्यले? तुमची जागा इकडं हाये. का आता माह्यापाशी येऊन तिकीट दाखवता?"

लोक हसले. सरांनी पाटी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आणि रिकाम्या हाताने पडद्याजवळ गेले.

खेळ सुरू झाला. पडद्यावर सुताराचे ओठ हलत होते, बाजूला सरांचे, आणि शब्द माझ्या तोंडून निघत होते. पहिल्या दोन-चार वाक्यांना लोक मागे वळून माझ्याकडे पाहत होते. मग वळायचे थांबले. सरांचे हात, भुवया, ती मान कलती करायची लकब, सगळे जसेच्या तसे. मी त्यांच्या ओठांवरून नजर हलवली नाही. वही मांडीवर मिटलेलीच होती.

मग तो प्रसंग आला. सुतार रुसलेल्या बायकोजवळ जातो तो. सर एक पाऊल पुढे सरकले, मान खाली घातली आणि त्यांचे ओठ म्हणाले, "काहून वं रुसली?" मी म्हटले, "काहून वं रुसली?" आणि पुढे माझा घसा बंद झाला. पाऊस, गोदाम, याडी, सगळे एकदम घशात येऊन बसले. सर थांबले नाहीत. नजर पडद्यावर ठेवून सावकाश बोलत राहिले. आलो ना मी. उशीर झाला, पण आलो ना. ओठ हलत होते आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

सरूबाई काठी आपटून मागे वळल्या. "ओ हरिभाऊ! सर बोलून राह्यले ना! तुम्ही काहून थांबले?"

सर बोलून राह्यले. आम्ही महिनाभर तालीम करून जे सिद्ध करू पाहत होतो, ते भाजीवाल्या सरूबाईंना दिसतच होते. मी घसा खाकरला आणि ते वाक्य म्हटले, जरा उशिरा. सुतार तोवर दाराबाहेर पडला होता. कोणाची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला, या आणि बघा. गेलो तर सर स्टुलावर चढून धागे पुन्हा लावत होते आणि वहिनी स्टूल धरून रागावत होत्या. पहिला धागा पाहुण्याचाच लागला होता. पूर्वेकडच्या त्या गावापासून इटली, फ्रान्स, स्पेन करत नकाशाबाहेर पडून बिजलीच्या बटणाशेजारी, आर्णीपर्यंत. सत्काराला सरांनी होकार दिला, तो त्या स्टुलावरूनच, मान हलवून. अट एकच पाटीवर लिहिली: "भाषण हरी करेल. ओठ माझे."

तेव्हा सर, या समारंभात आपण जे बोलाल ते मी म्हणेन, एक शब्द मनचा घालणार नाही. वहिनींना दिवा लावायला रोज सारा युरोप बाजूला करावा लागो. आपली प्रकृती खणखणीत राहो, आणि माझा घसा आपल्या ओठांना पुरून उरो. शंभरीचे स्टेशन लांब नाही, आम्ही सारे आर्णीकर आपल्यासोबत त्याच गाडीत बसलो आहोत. फक्त पाहुण्याने पोस्टकार्डावर जे लिहिले, तेच आज वयाने धाकटा असूनही आपल्याला सांगतो: घाई करू नका.